जुन्या गोव्यातला सेंट ऑगस्टीन मठ: भाड्याच्या गाडीने एका दिवसात कसा पाहावा

आमच्या गोव्यात आलेले पाहुणे जुन्या गोव्याला जातात, बॉम जेझू आणि से कॅथेड्रल पाहतात आणि गाडीत बसतात. जवळच्या टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीन मठाच्या अवशेषांना फार तर एका फोटोपुरता वेळ मिळतो. माझा आग्रह आहे की दिवसाची सुरुवात इथूनच करा आणि मठाला निदान दीड तास द्या. चर्च नंतर निवांत बघता येतात.

गाडी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. स्वतः चालवायला घेणार असाल, तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात पडते, पण ती भाड्याने देणे बेकायदा आहे. अपघात झालाच तर विम्यासाठीही भांडत बसावे लागते. गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंनी मोबाइलवर व्हिडिओ काढा, त्यात ओरखडे, टायर, स्टेपनी आणि पेट्रोलचा काटा दिसला पाहिजे. आरसी, विमा, पीयूसी बघून घ्या. डिपॉझिट दिले असेल तर त्याची नोंद लेखी मागा.

पणजीहून अंतर साधारण दहा किलोमीटर. हायवे सोडून रायबंदरचा रस्ता धरा. पणजी सुटताच लागणारा लांबलचक बांध सतराव्या शतकातला आहे आणि डावीकडे मांडवी सोबत असते. पुढे रायबंदरात घरे अगदी रस्त्याला लागून आहेत, तिथे वेग आवरा. फोंड्याहून येणाऱ्यांना बाणस्तारीचा पूल ओलांडून यावे लागते.

गाडी बॉम जेझूजवळच्या पार्किंगमध्ये लावा आणि पश्चिमेकडची टेकडी पायी चढा. चढण छोटी आहे, पण वर सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळी नऊच्या सुमारास पोहोचलेले बरे. पाणी आणि टोपी बरोबर हवीच. पावसाळ्यात दगडावर शेवाळ धरते, तेव्हा पकड असलेल्या चपला घाला.

आधी मठाच्या चर्चच्या मनोऱ्यासमोर उभे राहा. त्याची उंची 46 मीटर. ऑगस्टिनियन साधू गोव्यात आले 1572 मध्ये आणि हे चर्च 1602 मध्ये पुरे झाले. 1835 मध्ये पोर्तुगीज सरकारने अशा साधूंचे धर्मसंघ बंद केले, मठ ओस पडला आणि 1842 मध्ये छताची कमान कोसळली. दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा 1931 मध्ये पडला. उरलेला अर्धा तुमच्या समोर आहे.

आता भिंतीजवळ जा. आपल्या घरांना असतो तोच जांभा, लाल आणि भोकाभोकांचा. त्यावर चुन्याचा गिलावा असायचा. गिलावा गेला की गोव्याच्या पावसात जांभा झिजत जातो, आणि छत गेल्यावर तर पाऊस थेट आतच आला. एखाद्या कोपऱ्यात गिलाव्याचा तुकडा अजून चिकटलेला सापडतो, तो मुद्दाम शोधा. आत जमिनीत कोरीव थडग्यांचे दगड आहेत. त्यांवर पाय देऊ नका, आणि फोटोसाठी भिंतींवर तर मुळीच चढू नका.

राणी केतेवानची हकिकत माहीत असल्याशिवाय ही जागा पाहणे मला अपुरे वाटते. जॉर्जियाच्या या राणीने धर्म सोडायला नकार दिला, म्हणून 1624 मध्ये इराणच्या शाह अब्बासने शिराझमध्ये तिला ठार केले. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष गोव्याला आणून याच मठात ठेवले. पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाडे मिळाली, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने त्यांची डीएनए तपासणी केली आणि जुलै 2021 मध्ये भारताने ती जॉर्जियाला सुपूर्द केली. ते अवशेष ज्या खिडकीत ठेवल्याची जुनी नोंद होती, ती बाजूच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनागृहात आहे. तिथल्या माणसाला विचारा, दाखवतात.

खाली उतरताना सांता मोनिका कॉन्व्हेंट (नन्सचा जुना मठ) लागते, त्याच्या आवारात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. मग बॉम जेझू आणि से. शक्यतो रविवार टाळा, सकाळी मिस्सा (चर्चमधली सामुदायिक प्रार्थना) चालू असते. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला.

परतताना पणजीच्या चर्च चौकात थांबा. मेरी इमॅक्युलेट चर्चच्या वरच्या कमानीतली मोठी घंटा याच मठातली, 1871 मध्ये तिथे चढवलेली. चौकात पार्किंग मिळणे कठीण, त्यामुळे गाडी नदीकाठी लावून चालत या. नंतर पेट्रोल सकाळच्या काट्यापर्यंत भरा, गाडी परत करतानाही व्हिडिओ काढा आणि डिपॉझिट मिळाल्यावरच चावी द्या.