ढोरांसाठी चारा बीट: सोयाबीन निघालं की लगेच लावा

कुटार आणि कडबा गंजीत असतो, पण माघ लागला की ओला चारा आटतो. चारा बीट, म्हणजे ढोरांना घालायचं मोठ्या गड्ड्याचं बीट, नेमकं तेव्हाच कामी येतं. आपल्या विदर्भातली थंडी आखूड, म्हणून टोकण ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आटपा. डिसेंबरात लावलेलं पीक पुढे उन्हात सापडतं आणि गड्डे पोसत नाहीत.

एका गाईला रोज 10 किलो धरले तर दोन महिन्यांना 600 किलो लागतात. एका गुंठ्यात साधारण हजार झाडं बसतात. काही मेली, काही बारीक राहिली तरी तेवढ्यात भागतं. पहिल्या वर्षी गाईमागे एक गुंठा पुरे.

गुंठ्याला 150 ते 200 किलो कुजलेलं शेणखत टाकून वखरणी करा. 50 सेंमीवर सऱ्या पाडा. काळ्या जमिनीत सपाट वाफा नकोच, पाणी तुंबून मुळं कुजतात. बी रात्रभर भिजवा, वरंब्यावर 20 सेंमी अंतराने, दोन सेंमी खोल, एका जागी दोन टोका. जास्त खोल गेलं किंवा वर पापडी धरली तर उगवण अर्धीच होते, म्हणून उगवेपर्यंत पाणी हलकं आणि वारंवार द्या. खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या जमीन-पाण्याच्या भागात, हे पीक बऱ्यापैकी तग धरतं, पण कोवळी रोपं खाऱ्या पाण्यात दगावतात. पहिली दोन-तीन पाणी गोडी द्यावीत.

विरळणी टाळण्याचा मोह होतो. आपण बी म्हणून टोकतो ती बऱ्याच वाणांत बियांची बोंडी असते, एकीतून दोन-तीन रोपं निघतात, ती तशीच ठेवली तर सगळीच बारीक राहतात. 25 ते 30 दिवसांनी एका जागी एकच जोमदार रोप ठेवा. त्याच वेळी निंदण, मातीची भर आणि गुंठ्याला एक किलो युरिया. महिनाभराने तेवढाच पुन्हा. त्याहून जास्त दिला तर पाल्यात नायट्रेट साठतं, ते ढोरांना विषारी. गड्ड्याचा गाभा काळा पडू लागला तर जमिनीत बोरॉन हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी आहे. पुढच्या वेळी लागवडीआधी गुंठ्याला 100 ग्रॅम बोरॅक्स मातीत मिसळा. रानडुकरांचा भाग असेल तर कुंपणाशिवाय हे पीक घेऊच नका.

साधारण 110 दिवसांनी काढणी सुरू करा. गड्डे जमिनीतच चांगले टिकतात, म्हणून दोन-तीन दिवसांपुरतेच उपटा. जमीन भेगाळली असेल तर आधी हलकं पाणी द्या, नाहीतर गड्डा मधेच तुटतो. मार्चअखेर शेत रिकामं करा.

आता खरी सावधगिरी चारण्यात. गड्ड्यात साखर भरपूर असते. एकदम पाटीभर घातलं तर पोटात आम्ल वाढतं, ढोर रवंथ सोडतं, पातळ हगतं. पहिल्या दिवशी एकच किलो, मग तीन आठवड्यांत हळूहळू 10 किलोपर्यंत. माती धुऊन काढा, फोडी बारीक करा. गोल, घसरट तुकडा घशात अडकतो आणि जनावर फुगतं. आधी कुटार किंवा कडबा, मगच बीट. गड्ड्यात प्रथिनं कमी असतात, त्यामुळे सरकी ढेप बंद करू नका. पाल्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. तो दिवसभर सुकवून थोडाच घाला, सोबत खनिज मिश्रण द्या. बोकडांना पाला नकोच, मूतखड्याचा धोका असतो.