पहिल्यांदाच नगरसेवकपदाला उभे राहताय? या चुका टाळा

गणपतीत आरतीचा मान, नवरात्रात दांडिया, वाढदिवसाला चौकात फ्लेक्स, आणि मग एक दिवस कोणीतरी म्हणतं की दादा यंदा उभं राहायचंच. इथपर्यंत सगळं सोपं असतं. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका एकदम झाल्या, २,८६९ जागा, आणि बऱ्याच शहरांत त्याआधीची निवडणूक २०१७ ची असल्यामुळे मधल्या काळात तयार झालेली अख्खी नवी पिढी फॉर्म घेऊन रांगेत उभी होती. पडलेले लोक नंतर पैशाला नाहीतर जातीच्या गणिताला दोष देतात, आणि ते असतंच, नाही कोण म्हणतंय. पण जवळून बघितलं तर बरंचसं नुकसान प्रचाराचा नारळ फुटायच्या आधीच झालेलं असतं, कागदात आणि मतदारयादीत. म्हणून या लेखात भाषण कसं करावं वगैरे काही नाही, ते तुम्हाला येतंच असणार.

यादी न बघता "आपली मतं" मोजणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच.

मंडळाची पोरं, जिमचा ग्रुप, सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप, मेव्हण्याच्या ऑफिसातले, असं धरत धरत माणूस दोन-अडीच हजारांवर सहज पोचतो आणि खूश होतो. आता यातली नावं तुमच्या प्रभागाच्या यादीत शोधा. निम्म्यांची नावं गावाकडे असतात, काहींनी घर बदललं पण नाव जुन्याच पत्त्यावर, काही अजून अठराची नाहीत, आणि तुमच्यासाठी रात्रभर बॅनर बांधणारा सगळ्यात कट्टर कार्यकर्ता नेमका रस्त्यापलीकडच्या प्रभागात मतदार निघतो. त्याला कामाला ठेवा, पण मतात धरू नका.

दुसरं म्हणजे ही यादी येते कुठून ते समजून घ्या. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, दिल्लीचा भारत निवडणूक आयोग नाही. पण राज्य आयोग स्वतःची वेगळी यादी बनवत नाही, विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागांप्रमाणे फोडतो. गेल्या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. म्हणजे त्या तारखेनंतर तुम्ही कँप लावून कितीही नवीन नावं नोंदवली तरी त्या निवडणुकीत त्यांचा उपयोग शून्य. नोंदणीचं काम निवडणूक जाहीर व्हायच्या खूप आधीचं आहे आणि ते नेमकं तेव्हाच कोणाला सुचत नाही.

यादी फोडताना चुका होतात, अख्खी बिल्डिंग किंवा गल्लीची एक बाजू शेजारच्या प्रभागात जाते. प्रारूप, म्हणजे कच्ची, यादी लागली की हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात, तेव्हा प्रभागाचा नकाशा आणि यादी दोन्ही हातात घेऊन बिल्डिंगवार फिरा आणि चुकीच्या प्रभागात गेलेल्या नावांची हरकत लेखी द्या. त्या टप्प्यावर नाव नव्याने घालायची किंवा काढायची मागणी करून उपयोग नाही, प्रभाग चुकला असेल तरच दुरुस्ती होते. मुदत गेली आणि मग लक्षात आलं तर? मग रडत बसू नका. ती मतं वजा करा, उरलेल्या यादीवर प्रत्येक पानासाठी एक माणूस नेमा आणि त्याला वारलेले, सोडून गेलेले, दुबार असलेले आणि खरंच राहणारे अशा खुणा करायला लावा. हे काम कंटाळवाणं आहे, फोटोत येत नाही, त्यामुळे कार्यकर्ते टाळतात, पण मतदानाच्या दिवशी दुपारी कोणाच्या दारात जायचं हे फक्त या खुणाच सांगतात.

फॉर्म शेवटच्या दिवसावर ढकलणं

मुहूर्त बघून, ढोल-ताशा घेऊन शेवटच्या दिवशी फॉर्म भरायचा मोह असतो. ढोल वाजवा हो, पण सगळ्या कागदांचा सेट त्याआधी एखाद्या माहितगार वकिलाकडून तपासून घ्या, कारण छाननीच्या टेबलावर समोरच्या उमेदवाराचा वकील तुमचा फॉर्म तुमच्यापेक्षा जास्त मन लावून वाचतो.

तुमचं वय एकवीस पूर्ण पाहिजे आणि नाव त्या शहराच्या मतदारयादीत पाहिजे. तुम्ही शहरातल्या दुसऱ्या प्रभागातले मतदार असलात तरी चालतं, पण सूचक, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, मात्र तुम्ही उभे आहात त्याच प्रभागातला लागतो. इथे फार जण अडकतात, घाईत मित्राची सही घेतात आणि मित्र पलीकडच्या प्रभागातला. सही घेण्याआधी त्याचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक डोळ्यांनी बघा, तोंडी विश्वास नको.

शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, शिवाय बायकोची किंवा नवऱ्याची आणि अवलंबून असणाऱ्यांची मालमत्ता, सगळं येतं. एकही रकाना कोरा सोडायचा नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर "निरंक" किंवा "लागू नाही" असं लिहायचं. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलंय की कोरे रकाने ठेवलेलं शपथपत्र अर्ज बाद होण्याचं कारण ठरू शकतं. आणि जुनी आंदोलनातली केस "ती काय केस आहे का" म्हणून लपवू नका, विरोधकाकडे तिचा नंबर आधीच असतो.

मग अपात्रतेचे मुद्दे. सप्टेंबर २००१ नंतरच्या जन्मामुळे अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली असतील तर उभंच राहता येत नाही. महापालिकेच्या कंत्राटात तुमचा किंवा तुमच्या पार्टनरचा हिस्सा असेल तरी अडचण आहे, आणि छोटे-मोठे ठेके घेणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना हे शेवटपर्यंत कोणी सांगत नाही. घराचं वाढीव बांधकाम बेकायदा असेल तर ते आज नाही तर निवडून आल्यावर बाहेर येतं, स्वतः केलेलं असो, जोडीदाराने केलेलं असो किंवा अवलंबून असलेल्याने, पद जाऊ शकतं. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी भरून दाखला घेऊन ठेवा, शेवटच्या आठवड्यात त्या खिडकीवर जत्रा असते.

राखीव जागेवरून लढत असाल तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, ते हातात नसेल तर निदान पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि ठरलेल्या मुदतीत आणून देण्याचं हमीपत्र. ही मुदत म्हणजे नुसती फॉर्मॅलिटी आहे असं समजू नका, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती पाळणं बंधनकारक धरलं आणि निवडून आलेल्यांवर पद गमवायची वेळ आली. आरक्षणाची सोडत निघायच्या आधीच वैधतेचा अर्ज करून ठेवलेला बरा.

एबी फॉर्मच्या भरवशावर बसणं

"साहेबांनी शब्द दिलाय." बरं. पण शब्दाला निवडणूक निर्णय अधिकारी विचारत नाही, त्याला एबी फॉर्म लागतो, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्षाने लिहून दिलेला कागद, आणि तोही अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत. पक्ष बंडखोरीच्या भीतीने तो शेवटच्या रात्रीपर्यंत दाबून ठेवतात, कधीकधी एकाच जागेवर दोघांना शब्द दिलेला असतो. त्यामुळे एक अर्ज पक्षाचा म्हणून आणि एक अपक्ष म्हणून, असे दोन भरून ठेवा. मग तिकीट कापलं तर रागाच्या भरात तासाभरात निर्णय घ्यावा लागत नाही, माघारीच्या दिवसापर्यंत डोकं शांत ठेवून विचार करता येतो.

अपक्षच लढायचं असेल तर कॅलेंडर नीट बघा. गेल्या वेळी माघार २ जानेवारीला, चिन्हवाटप ३ जानेवारीला, प्रचार १३ जानेवारीला बंद आणि मतदान १५ ला. म्हणजे चिन्ह हातात आल्यावर ते लोकांच्या डोक्यात बसवायला जेमतेम दहा दिवस. अपक्षाने चिन्ह मिळण्याआधीच्या काळात स्वतःचं नाव आणि चेहरा घरोघरी पोचवलेला असला पाहिजे, आणि चिन्ह मागताना पसंतीक्रमात असं काहीतरी लिहावं जे आजीबाईंना लांबून ओळखू येईल. तुमच्याच नावाचा दुसरा उमेदवार अचानक उगवला तर तो योगायोग असेलच असं नाही, अशा वेळी पत्रकावर नावापेक्षा चिन्ह आणि मशीनवरचा क्रमांक मोठा छापायचा.

चार सदस्यांच्या प्रभागात एकट्याचा हिशोब

मुंबईत अजूनही एक प्रभाग एक नगरसेवक आहे, २२७ जागा. बाकीच्या महापालिकांत एका प्रभागातून साधारण चार जण निवडून जातात, अ, ब, क, ड अशा जागा, आणि मतदाराला प्रत्येक जागेसाठी एकेक मत द्यायचं असतं. नवखा उमेदवार "मला मत द्या" एवढंच सांगत फिरतो आणि मी कुठल्या जागेवर उभा आहे ते सांगायलाच विसरतो. मशीनवर सगळ्या जागांची बटणं दाबून झाल्यावरच बझर वाजतो, हे लोकांना माहीत नसतं, एक बटण दाबून निघायला लागतात, केंद्रावरचा कर्मचारी परत बोलावतो आणि मग गोंधळात उरलेली बटणं कुठलीही दाबली जातात. नको असेल तिथे नोटा आहे, हेही सांगा. जागेप्रमाणे मतपत्रिकेचा रंग वेगळा असतो, तर घरोघरी फिरताना नमुना दाखवून समजवा, पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

पॅनलमध्ये असाल तर बाकीच्या तिघांवर डोळे झाकून विश्वास नको. तुम्ही चौघांचं चिन्ह सांगत फिरता आणि एखादा भिडू गुपचूप समोरच्याशी "तुझी ब ची मतं मला, माझी ड ची तुला" असं सेटिंग करून बसलेला असतो. याला पूर्ण बंदोबस्त नाही. स्वतःच्या जागेचा वेगळा प्रचारही चालू ठेवायचा, एवढंच करता येतं.

वाट्टेल ते आश्वासन

मेट्रो आणीन, पोलीस चौकी वाढवीन, रेशनचं बघतो. हे नगरसेवकाच्या हातात नाही आणि आता लोक हे ओळखतात. गटार, रस्ता, कचरा, पाण्याची वेळ, दिवे, उद्यान, पालिकेची शाळा आणि दवाखाना, या कामांवर बोला. त्यातही "करून देतो" म्हणण्यापेक्षा गेल्या बजेटमध्ये आपल्या प्रभागाला काय मिळालं आणि त्यातलं काय झालं हे आकड्यानिशी सांगितलं तर सत्तेतला माणूस खरंच अडचणीत येतो. बजेट पालिकेच्या वेबसाइटवर असतं, वाचायला कंटाळा येतो एवढंच.

हिशोब "नंतर बघू" म्हणणं

खर्चाला मर्यादा आहे. २०२५-२६ मध्ये मुंबई, पुणे, नागपूरला १५ लाख होती, छोट्या महापालिकांना ९ लाखांपर्यंत खाली. खरा खर्च किती होतो यावर इथे न बोललेलं बरं. पण कागदावरचा हिशोब पक्का हवा. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि रोजच्या रोज नोंद ठेवा, चहा-नाश्ता, रिक्षा, मंडप, साउंड, सगळं. हे काम भाच्याला नका देऊ, रोज रात्री बसून लिहील अशा माणसाला द्या. पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि प्रतींची संख्या नसेल तर तक्रार होते. परवानगी न घेता भिंती रंगवल्या तर १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा आहेच.

शेवटच्या दोन दिवसांतली गडबड

तुमच्याबद्दल "त्यांनी पाठिंबा दिला", "ते बसले" (म्हणजे लढतीतून बाहेर पडले) असा मेसेज आदल्या रात्री फिरणार, हे गृहीत धरून चला. तो आल्यावर खुलासा लिहायला बसू नका, तुमचा चेहरा असलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आधीच ठरवून ठेवा, मेसेज आला की लगेच रेकॉर्ड करून प्रत्येक बिल्डिंगच्या माणसाकडे पाठवा आणि निवडणूक अधिकाऱ्याकडे लेखी तक्रारीची पोच घ्या. तोंडी फोन केला, त्याला काही अर्थ नाही.

पोलिंग एजंटांचे फॉर्म आदल्या दिवशी भरून द्या, जेवणाची सोय करा, नाहीतर दुपारी एकला एजंट घरी. मतदान साडेसात ते साडेपाच असतं. दुपारी दोनपर्यंत कोण येऊन गेलं त्याच्या खुणा बूथवरून मागवा आणि उरलेल्यांच्या दारात माणसं पाठवा. रॅली काढायची ती हौस आधीच फेडून घ्यावी, त्या दिवशी एकही माणूस रिकामा फिरता कामा नये.

निकालानंतर जिंकलेले मिरवणुकीत असतात आणि हरलेले फोन बंद करून बसतात, दोघंही खर्चाचा हिशोब विसरतात. निकालापासून ३० दिवसांत तो द्यावाच लागतो, पडलात तरी. नाही दिला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, म्हणजे मधे पोटनिवडणूक लागली तरी बघत बसायचं. निकालालाच आव्हान द्यायचं असेल तर मुदत त्याहूनही कमी, दहाच दिवस आहे, तेव्हा वकिलाला फोन त्याच आठवड्यात करा आणि हिशोबाची फाइल, पोच पावत्या आणि बूथवरच्या खुणा केलेल्या याद्या सोबत घेऊन जा.