जुन्या पिनबॉलची कॉइल: आधी नंबर, मग खरेदी

मी शिकागोच्या उपनगरात राहतो. गॉटलिब, बॅली, विल्यम्स या तिन्ही कंपन्या याच भागातल्या, त्यामुळे इथल्या तळघरांत जुनी पिनबॉल मशिनं (उतरत्या फळीवर पोलादी गोळी टोलवायचा खेळ) अजून निघतात. ओळखीतल्या कुणी घर घेतलं आणि खाली असं धूड सापडलं की मला फोन येतो, "अरे, डावा फ्लिपर मेलाय, कॉइल कुठे मिळेल?" फ्लिपर म्हणजे गोळी टोलवणारी छोटी दांडी, आणि कॉइल म्हणजे तिला झटका देणारी तारेची गुंडाळी. कॉइल मिळते हो. पण कुठली हवी, ते आधी ठरवावं लागतं.

त्याआधी ती खरंच गेलीय का ते बघा. मशिनचा प्लग काढा, कॉइलच्या एका टोकाची वायर सोडवा आणि मल्टिमीटर लावा. वायर न सोडवता मोजलं तर सर्किटमधलं बाकीचं त्या आकड्यात मिसळतं. मीटरवर काहीच आलं नाही तरी कॉइल लगेच कचऱ्यात टाकू नका. बऱ्याचदा तार टर्मिनलच्या अगदी मुळाशी तुटलेली असते. अर्धाएक वेढा सोडवायचा, वरचं एनॅमल पॉलिश पेपरनं खरवडायचं आणि पुन्हा सोल्डर मारायचं. फुकटात काम! पण वरचा कागद करपला असेल, आतली नळी वितळून प्लंजर (नळीत सरकणारा लोखंडी दांडा) अडकला असेल आणि रेझिस्टन्स पलीकडच्या जोडीदार कॉइलपेक्षा बराच कमी असेल, तर तिचा नाद सोडा.

मात्र ती जळली कशानं, हे कळेपर्यंत नवी बसवू नका. या कॉइल क्षणभराच्या झटक्यासाठी असतात, सतत करंट मिळाला की थोड्याच वेळात धूर. जुन्या रिलेवाल्या (विजेवर उघडमीट करणाऱ्या स्विचांच्या) मशिनमध्ये एखादा स्विच चिकटलेला असतो, नंतरच्या इलेक्ट्रॉनिक मशिनमध्ये ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो. फ्यूजही बघा. कुणा शहाण्यानं जास्त अँपिअरचा घातलेला असतोच.

आता नंबर. बॅली-विल्यम्सचा नंबर वाचायला सोपा. एई-२३-८०० म्हणजे २३ गेजची तार, ८०० वेढे. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर, तो जितका मोठा तितकी तार बारीक. बॅलीची एक फ्लिपर कॉइल आहे, एक्यू-२५-५००/३४-४५००. हिच्यात एकाच बॉबिनवर, म्हणजे रिळावर, दोन गुंडाळ्या असतात. बटण दाबलं की जाड तारेचे ५०० वेढे फ्लिपरला जोरात उचलतात. फ्लिपर वर पोचला की तिथला छोटा स्विच उघडतो, बारीक तारेचे ४५०० वेढेही वाटेत येतात आणि करंट एकदम उतरतो. म्हणूनच बटण दाबून धरलं तरी कॉइल जळत नाही. तो स्विच उघडत नसेल तर मात्र नवी कॉइलही जुनीच्या वाटेनं जाणार. आणखी एक, वेढे जास्त तर जोर जास्त असं अनेकांना वाटतं. इथे उलट आहे. तार तीच असेल तर कमी वेढ्यांची कॉइल जास्त करंट ओढते, जोरात मारते आणि तापतेही जास्त.

गॉटलिबच्या नंबरवरून असलं काही कळत नाही. ए-५१४१ ही त्यांची जुनी फ्लिपर कॉइल, पण त्या आकड्यात ना गेज ना वेढे. तिथे मॅन्युअल किंवा सर्किट डायग्रामच उघडायचा. इंटरनेट पिनबॉल डेटाबेसवर अनेक मशिनची कागदपत्रं आहेत. कॉइलवरचा कागद शाबूत असला तरी डायग्रामशी ताडून बघा, आधीच्या मालकानं हाताला लागेल ती बसवलेली असू शकते.

दिसायला सारखी म्हणून दुसऱ्या कंपनीची कॉइल घेऊ नका. सत्तरच्या दशकातली गॉटलिबची रिलेवाली मशिनं साधारण २५ व्होल्ट एसीवर चालतात, बॅलीची ५० वर. २५ची ५०वर लावलीत तर नाकालाच कळेल. डायोडचंही (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा छोटा भाग) तेच. इलेक्ट्रॉनिक मशिनच्या डीसी कॉइलवर डायोड लागतो, एसी कॉइलवर तो ठेवला तर फ्यूज उडतो.

गॉटलिबसाठी न्यूयॉर्क राज्यातल्या पिनबॉल रिसोर्स या दुकानाचं नाव आधी घेतलं जातं. बॅली-विल्यम्ससाठी मार्को स्पेशॅलिटीज आणि पिनबॉल लाइफ बघा. मोडीत काढलेल्या मशिनची जुनी कॉइलही मला चालते. मीटरवर आकडा बरोबर असला की झालं. झिजते ती आतली नळी, आणि ती स्वस्तात नवी मिळते.

कुठेच नाही मिळाली तर रिवाइंडिंग, म्हणजे त्याच रिळावर नवी तार गुंडाळून घेणं. भारतात जाणारच असाल तर जळकी कॉइल बॅगेत टाका, मोटर रिवाइंडिंगवाला तुमच्यासमोर भरून देईल. फक्त गेज सांगताना सांभाळा. अमेरिकन नंबर एडब्ल्यूजीचे (अमेरिकन वायर गेज), आपल्याकडचा कारागीर एसडब्ल्यूजी (ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेज) धरून चालतो. अमेरिकन २६ म्हणजे ०.४०५ मिलिमीटर, आपल्याकडची २६ म्हणजे ०.४५७. तेवढेच वेढे त्या जाड तारेचे घ्यायचे तर बॉबिनमध्ये मावतील की नाही शंकाच, आणि मावले तरी रेझिस्टन्स पाचव्या हिश्शानं घसरतो. एसडब्ल्यूजी २७ मागा, ती ०.४१७ची असते. त्याहून बरं म्हणजे थेट मिलिमीटरच सांगा.

बसवताना नळी नवी घाला, तेल अजिबात नको, त्यात धूळ बसून प्लंजर चिकटतो. डीसी कॉइल असेल तर डायोडची पट्टीवाली बाजू सप्लायच्या प्लसकडे ठेवा. आणि पहिल्यांदा चालू करताना एक हात मशिनच्या मेन स्विचवर असू द्या, कॉइल ओढलेलीच राहिली तर लगेच बंद करता येतं.