ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवायला नवीन लागताय? माझे अनुभव

"मॅडम, एमएस्सी झालं, बीएड झालं, आता एका ज्युनिअर कॉलेजला लागलेय, अकरावी दिलीये, कसं शिकवू?" असे फोन दरवर्षी जून-जुलैत येतात, बहुतेक माझेच जुने विद्यार्थी असतात. प्रत्येकाला तेच सांगते म्हणून यावेळी लिहूनच काढतेय. मी मराठवाड्यात तालुक्याच्या गावी अठरा वर्षं अकरावी-बारावी सायन्सला फिजिक्स शिकवतेय. आमच्याकडे निम्म्याहून जास्त पोरं दहावीपर्यंत मराठी मिडियमची, झेडपीच्या नाहीतर संस्थेच्या शाळेतून आलेली, आणि अकरावीत पाऊल टाकलं की सगळंच्या सगळं इंग्रजीत. शहरातल्या मोठ्या कॉलेजात चित्र थोडं वेगळं असेल, पण ही पोरं तिथेही असतात, मागच्या बाकांवर गप्प बसलेली.

माझं पहिलं वर्ष सांगते. ऐंशी पोरांचा वर्ग, मी घरून भरपूर तयारी करून जायचे, फळा भरून डेरिव्हेशन करायचे आणि शेवटी विचारायचे, समजलं का? सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ मॅडम". मला खरंच वाटायचं की समजतंय. मग पहिली घटक चाचणी झाली, 25 मार्कांची. त्यात एक साधा प्रश्न टाकला होता, गोल ट्रॅक 400 मीटरचा, धावपटू 80 सेकंदात एक फेरी पूर्ण करतो, तर ॲव्हरेज स्पीड किती आणि ॲव्हरेज व्हेलॉसिटी किती. स्पीड 5 मीटर पर सेकंद, व्हेलॉसिटी शून्य, कारण जिथून निघाला तिथेच परत आला. जवळजवळ सगळ्यांनी दोन्हीकडे 5 लिहिलं. आणि त्याच पेपरात वरती स्पीड आणि व्हेलॉसिटीमधला फरक विचारला होता तो मात्र पोरांनी पुस्तकातल्यासारखा शब्दन् शब्द लिहिला होता.

पेपर वाटल्यावर मी तो प्रश्न फळ्यावर घेतला, डिस्प्लेसमेंट काय आहे इथे म्हणून विचारलं तर कुणी बोलेना. शेवटी एका पोराने हळूच विचारलं, "मॅडम, डिस्प्लेसमेंट म्हणजे विस्थापन का? मग ते तर शून्य आहे." तो मुलगा नववीच्या विज्ञानात अंतर, विस्थापन, चाल, वेग, त्वरण हे सगळं नीट शिकून आला होता. त्याला फिजिक्स येत होतं, फक्त ज्या नावाने त्याला ते येत होतं ते नाव माझ्या वर्गात कुणी घेतच नव्हतं. त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले कारण दोन महिने मी ऐंशी पोरांसमोर बोलत होते आणि त्यांच्या डोक्यात आधीच काय आहे हे एकदाही तपासलं नव्हतं.

तर पहिली गोष्ट शब्दांची. पहिल्या दिवशी वहीचं शेवटचं पान राखून ठेवायला सांगा, डावीकडे मराठी शब्द उजवीकडे इंग्रजी. विस्थापन डिस्प्लेसमेंट, त्वरण ॲक्सलरेशन, संवेग मोमेंटम, जडत्व इनर्शिया, घर्षण फ्रिक्शन, घनता डेन्सिटी. प्रत्येक चॅप्टर सुरू करताना पाच-सहा शब्द त्यात भरायचे. यासाठी आठवी, नववी, दहावीची बालभारतीची विज्ञानाची पुस्तकं स्वतः वाचा, नवीन शिक्षकांपैकी फार थोडे वाचतात आणि ही फार मोठी चूक आहे. तुम्ही स्वतः इंग्लिश मिडियमचे असाल तर ती वाचणं जास्तच गरजेचं. रोजच्या मराठीत वेग म्हणजे नुसतं किती जोरात चाललंय ते, पण पुस्तकात वेगाला दिशा असते आणि बिनदिशेची ती चाल, हा घोळ पोरगं शाळेतूनच घेऊन आलेलं असतं. कार्य शब्दाचंही तेच, भरलेलं पोतं डोक्यावर घेऊन सपाट रस्त्याने मैलभर चालणाऱ्या माणसाने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काहीच कार्य केलं नाही हे हमालाच्या पोराला पटवायला वेळ द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच पाहिजे.

शब्दांपेक्षाही अवघड म्हणजे न्यूमेरिकलची भाषा. "अ बॉडी स्टार्ट्स फ्रॉम रेस्ट" लिहिलंय म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य दिलेलाच आहे हे आपल्याला दिसतं, पोरगं मात्र आकडा शोधत बसतं आणि म्हणतं की यात यू दिलाच नाहीये. स्मूद सरफेस म्हणजे घर्षण धरायचं नाही. लाइट स्ट्रिंग म्हणजे जिचं वस्तुमान मोजायचं नाही अशी दोरी, एका मुलीने मला विचारलं होतं की मॅडम ही लाइटची माळ आहे का, आणि तिचं काहीच चुकलं नव्हतं, आपणच सांगितलं नव्हतं. म्हणून मी आता आठवड्यातला एक तास फक्त न्यूमेरिकल वाचायला ठेवते. सोडवायचं नाही. वाचायचं, मराठीत काय घडतंय ते सांगायचं, आकृती काढायची, दिलेलं काय आणि काढायचं काय ते लिहायचं, थांबायचं. सुरुवातीला मुख्याध्यापकांना वाटलं की पोर्शन मागे पडेल, पण दिवाळीनंतर पोरं एवढ्या झपाट्याने सोडवायला लागली की तो वेळ भरून निघाला.

दुसरी अडचण तुम्हाला जुलैतच येणार. 2019 ला आलेल्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसराच चॅप्टर मॅथेमॅटिकल मेथड्स, त्यात व्हेक्टर आणि कॅल्क्युलसची ओळख आहे, आणि तिसऱ्या चॅप्टरपासून ते वापरायचं असतं. आणि मॅथ्समध्ये डिफरन्शिएशन कुठे आहे? दुसऱ्या भागात, अगदी शेवटचा चॅप्टर! म्हणजे मॅथ्सचे सर तिथे जानेवारी-फेब्रुवारीत पोचणार आणि तुम्हाला ते ऑगस्टमध्ये लागणार. यावर एकच उपाय मला सापडला, स्टाफरूममध्ये मॅथ्सच्या सरांसोबत चहा घ्या आणि त्यांच्याकडून जुलैत दोन तास मागून घ्या. एक्सच्या घाताचं, साइन आणि कॉसचं डेरिव्हेटिव्ह एवढंच पुरतं. मी स्वतः त्याआधी ग्राफपेपर वाटून स्लोप काढून घेते, हाताने रेघ ओढून, मग डीएक्स बाय डीटी म्हणजे काय ते पोरांना डोळ्यांना दिसतं. जी मुलं मॅथ्स न घेता बायोलॉजी घेऊन आलीत त्यांना विसरू नका, त्यांना तर हे दुसरीकडे कुठेच मिळणार नाही, फिजिक्सच्या तासातच काय ते.

आता रोजच्या तासाबद्दल. "समजलं का" हा प्रश्न मी सोडूनच दिला. तास संपायला चार मिनिटं राहिली की प्रत्येकाने पाव कागदावर एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं आणि जाताना टेबलावर ठेवायचं, मार्क नाहीत, नाव लिहिलं तर लिहिलं. मी ते एसटीत बसून वाचते. तीन गठ्ठे करते, आलंय, अर्धवट आलंय, काहीच कळलं नाही. ऐंशी कागदांना वीस मिनिटं लागतात, तपासायचे नसतात, फक्त गठ्ठे करायचे असतात. तिसरा गठ्ठा मोठा असेल तर दुसऱ्या दिवशी पुढचं शिकवायचं नाही, मग पोर्शनचं काहीही होवो. डिव्हिजन दोन असतील तर दिवसाआड करा, पण बंद करू नका.

तासाची सुरुवात तीन छोट्या प्रश्नांनी करा, एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा, वही बंद. हे मला आधी नुसतं अनुभवानेच बरं वाटायचं, नंतर वाचनात आलं की रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 मध्ये यावर प्रयोग केला होता. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आमची पोरं रात्री जागून तोच चॅप्टर पाच वेळा वाचतात आणि सकाळी त्यांना सगळं येतंय असं वाटतं, महिन्याने कोरी असतात, ते का हे मला तेव्हा नीट कळलं. हा प्रयोग मी दरवर्षी वर्गाला सांगते आणि पालकसभेतही सांगते.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या आसपास विज्ञानाच्या तासांच्या टेप ऐकून पाहिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात, ते तीन सेकंद थांबायला लागले तर उत्तरं लांब यायला लागतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. आमच्या पोरांना तर आधी प्रश्न मराठीत आणायचा असतो, मग विचार करायचा आणि मग उत्तर इंग्रजीत न्यायचं, तीन सेकंद कुठे पुरणार? मी मनात दहापर्यंत मोजते. आणि उत्तर मराठीतच घेते, मग इंग्रजी वाक्य आम्ही मिळून फळ्यावर बनवतो.

हे मी उशिरा शिकले आणि त्याची किंमत एका मुलीने मोजली. माझ्या तिसऱ्या वर्षातली गोष्ट, वस्तीवरून येणारी, दहावीला चांगले मार्क असलेली मुलगी, एकदा तिने मराठीत शंका विचारली आणि मी सवयीने म्हणाले, इंग्लिशमध्ये विचार बरं. ती खाली बसली. सप्टेंबरमध्ये तिने आर्ट्सला बदलून घेतलं. आर्ट्स वाईट नाही, पण तिला ते नको होतं, हे मला तिच्या मैत्रिणीने पुढच्या वर्षी सांगितलं. ते एक वाक्य मी अजून विसरले नाही.

प्रॅक्टिकलकडे नवीन शिक्षक दुर्लक्ष करतात. बारावीला 70 मार्कांची थिअरी आणि 30 चं प्रॅक्टिकल असतं, आणि मार्क मिळतातच म्हणून जर्नल एकमेकांचं बघून उतरवलं जातं. असं होऊ देऊ नका. व्हर्निअर 0.01 सेंटिमीटरपर्यंत मोजतो आणि स्क्रू गेज 0.01 मिलिमीटरपर्यंत, हे प्रत्येक पोराने स्वतःच्या हाताने एकदा तरी मोजलंच पाहिजे, झिरो एररसकट, म्हणजे उपकरण बंद असताना शून्यावर नसेल तर तेवढी चूक धरून. उपकरणं कमी असतील तर दोघादोघांच्या जोड्या लावून बाकीच्यांना ग्राफला बसवा. स्वतःच्या केसाची जाडी मोजायला लावली की पोरं स्क्रू गेज सोडत नाहीत.

गैरहजेरीवर ओरडण्याआधी कारण विचारा. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी असते, काहींचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि लहान भावंडं याच पोराच्या अंगावर असतात, काहींची साडेचारची एसटी गेली तर पुढची सातला. मी शेवटच्या तासाला फिजिक्स घेणं बंद करून घेतलं, टाइमटेबल बनवणाऱ्या सरांना तीन वर्षं विनवून. शिवाय 2025-26 पासून अकरावीची ॲडमिशन अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाली, फेऱ्या चालू असतात तोवर वर्गात नवीन चेहरे येतच राहतात, त्यामुळे पहिले दोन चॅप्टर सप्टेंबरमध्ये पुन्हा एकदा घ्यायची तयारी ठेवा.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष असं पोरांना वाटतं, त्यांना एमएचटी-सीईटीचं, म्हणजे बारावीनंतरच्या राज्याच्या इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेश परीक्षेचं, गणित दाखवा, फिजिक्सच्या 50 प्रश्नांपैकी साधारण 20 टक्के अकरावीचे, म्हणजे दहा प्रश्न, आणि चुकलं तर मार्क कापत नाहीत. कच्च्या पोरांना बोर्डाच्या पेपरची रचना दाखवा, दोन मार्कांचे बारापैकी आठ, तीन मार्कांचेही बारापैकी आठ, चार मार्कांचे पाचपैकी तीन सोडवायचे असतात. दोन आणि तीन मार्कांच्या प्रश्नांत चार-चार प्रश्न न सोडवता सोडून देता येतात हे कळलं की घाबरलेलं पोरगं जरा श्वास घेतं.

पगाराचंही सरळ सांगते. सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असाल तर घेतलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि बिलं वेळेवर निघतील असं धरून चालू नका. शिक्षण सेवक म्हणून लागलात तर उच्च माध्यमिकला महिना 20,000 मानधन, तीन वर्षं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा. या तीन वर्षांत सुपरव्हिजन, पेपर तपासणी, ॲडमिशनची कामं नवीन माणसावरच येतात, ती करा, पण तासाच्या वेळेत कुणी बोलावलं तर नम्रपणे नाही म्हणा, मी म्हणत आलेय, काही बिघडलं नाही.

पहिल्या महिन्यात तुमच्या कॉलेजात चांगलं शिकवणारं जे कुणी असेल, विषय कुठलाही असो, त्यांच्या वर्गात परवानगी घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसा. मी आमच्या इतिहासाच्या सरांच्या तासाला बसले होते, फळ्याकडे नाही, पोरांच्या वह्यांकडे बघत बसले. आणि पहिल्या घटक चाचणीत तो 400 मीटरच्या ट्रॅकचा प्रश्न नक्की टाका, खाली कंसात लिहा की उत्तर मराठीत लिहिलं तरी चालेल. मग त्या पेपरांचे गठ्ठे घेऊन मला फोन करा, संध्याकाळी सातनंतर मी घरी असते.