कनेक्शन सुरक्षित आहे, आता नाव वाचा

वाचनालयात मी ज्येष्ठांना मोबाईल शिकवते. तिथं एक प्रश्न हमखास येतो: स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर बँकेची साइट उघडली, तर पासवर्ड कुणी चोरेल का? पत्ता एचटीटीपीएसनं (https, म्हणजे मजकूर गुप्त करून पाठवणारी पद्धत) सुरू होत असेल आणि ब्राउझरनं, म्हणजे साइट उघडणाऱ्या क्रोमसारख्या ॲपनं, तक्रार केली नसेल, तर पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येत नाही. त्यापुढची काळजी मात्र आपली आपणच घ्यायची.

साइट उघडताना ब्राउझर सर्व्हरचं, म्हणजे साइट जिथून येते त्या संगणकाचं, ओळख पटवणारं प्रमाणपत्र तपासतो. त्यावरचं नाव पत्त्याशी जुळतं का, मुदत संपली नाही ना, मान्यताप्राप्त संस्थेची सही आहे का? त्याच वेळी ब्राउझर आणि सर्व्हर मिळून त्या भेटीपुरती एक गुप्त किल्ली ठरवतात. एचटीटीपीएसमागच्या नियमावलीला टीएलएस म्हणतात; 2018 साली आलेल्या टीएलएस 1.3 मध्ये ही किल्ली वाटेवरून पाठवलीच जात नाही. दोन्ही टोकांना गणित करून ती तयार होते. मधे कुणी मजकुरात एक अक्षर बदललं तरी ते पकडलं जातं. वाय-फाय चालवणाऱ्याला तुम्ही कोणत्या साइटवर गेलात हे बहुधा कळतं, पण तिथं काय वाचलं आणि काय टाइप केलं ते कळत नाही.

पूर्वी असं नव्हतं. 2010 मध्ये फायरशीप नावाचं, फायरफॉक्स ब्राउझरला जोडायचं एक छोटं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा एकाच उघड्या वाय-फायवर बसलेल्या दुसऱ्याचं फेसबुक खातं सहज उघडता येत होतं, कारण लॉगिननंतरची पानं साध्या एचटीटीपीवर, म्हणजे मजकूर गुप्त न करता, चालत.

आता पत्त्यातल्या नावाकडे या, कारण माणसं फसतात ती इथं. प्रमाणपत्र आज फुकट मिळतं, त्यामुळे ठगाच्या साइटलाही ते असतं. पत्त्यावर बोट ठेवा, एचटीटीपीएसनंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून उजवीकडून डावीकडे वाचा. ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-तपासणी डॉट कॉम’ हा पत्ता बँकेचा नाही, केवायसी-तपासणीवाल्याचा आहे. रिझर्व्ह बँकेनं भारतातल्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर यायला 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत दिली होती. तेव्हा त्या तिरक्या रेघेच्या आधी पत्त्याचा शेवट तसाच आहे का ते बघा. मेसेजमधली लिंक तर उघडूच नका. पत्ता स्वतः टाइप करा.

पत्त्याशेजारी पूर्वी दिसायचं ते कुलपाचं चित्र शोधत बसू नका. क्रोमनं 2023 मध्ये ते काढून तिथं दोन आडव्या रेघांचं चिन्ह ठेवलं. त्यावर टॅप केलं की कनेक्शन सुरक्षित आहे की नाही ते लिहून येतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये, सुरक्षेच्या भागात, नेहमी सुरक्षित कनेक्शन वापरण्याचा पर्यायही आहे. तो आजच चालू करा.

आणि कनेक्शन खाजगी नसल्याचा लाल इशारा आला तर? फोनची तारीख चुकली असली तरी तो येतो, म्हणून आधी ती बघा. तारीख बरोबर असेल तर वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर पुन्हा उघडा. तरीही इशारा आला, तर ‘पुढे जा’ दाबायचं नाही, कितीही घाई असली तरी. पासवर्ड किंवा ओटीपी चुकीच्या जागी दिला गेला असेल, तर लगेच बँकेला फोन करा. पैसे गेले असतील तर 1930 वर तक्रार नोंदवा.