मूल दारात येण्याआधी ठरवायचं वजन

काटा आणेपर्यंत थांबायला वेळ नसतो, तरी मुलांचं औषध मोजायचं किलोमागेच. म्हणून आपत्कालीन कक्षात वजनाचा अंदाज कसा घ्यायचा, हे मूल येण्याआधीच ठरलेलं हवं, आणि डॉक्टरांइतकंच ते सिस्टरनाही माहीत हवं.

सूत्र ठेवायचंच असेल तर भिंतीवर एकच लावा. वयात चार मिळवून दुप्पट करायचं जुनं सूत्र पाच वर्षांच्या मुलाला १८ किलो देतं, वयाची तिप्पट अधिक सात हे सूत्र २२ किलो. दोन्ही सूत्रं पुस्तकांत छापलेली आहेत. ऐन घाईत दोघांनी दोन आकडे सांगितले तर सिरिंज हातात धरलेल्याने ऐकायचं कुणाचं? माझं मत विचाराल तर वयावरचं सूत्र शेवटचा आधार. वय कळलं, पण मोजायला हाताशी काहीच नाही, अशा वेळी.

पहिला प्रश्न आईवडिलांना. 'वजन किती?' एवढंच विचारून थांबू नका, 'शेवटचं कधी केलं होतं?' हेही विचारा. बाळ लहान असेल तर महिन्यांचं अंतर मोठं असतं. साधारण पाच महिन्यांत जन्मवजन दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. आईवडिलांचा आकडा बहुतेकदा सूत्रापेक्षा खरा निघतो. पण आईवडील सोबत असतीलच असं नाही, म्हणून दुसरी सोय लांबीच्या पट्टीची.

ही ब्रोसलो पट्टी: मुलाशेजारी ठेवली की त्याच्या लांबीवरून रंगाचा टप्पा आणि अंदाजे वजन दाखवते. ती ट्रॉलीच्या तळाशी गुंडाळून ठेवलेली असेल तर नसल्यातच जमा. वरच्या कप्प्यात ठेवा, फाटली नाही ना बघा, कोणती आवृत्ती आहे ते वाचा. ट्रॉलीत रंगांप्रमाणे कप्पे केले असतील तर त्यातलं सामानही त्या-त्या रंगाचंच आहे का, हे एकदा उघडून पाहावं. लाल टोक डोक्याशी, मूल उताणं, पाय सरळ, माप टाचेपर्यंत. बोटांपर्यंत नेलं की रंग बदलू शकतो. हे बाहुलीवर करून पाहायला लाजू नये. पट्टी ३६ किलोच्या आसपास संपते.

लांबी कळली म्हणून अंगलोट कळत नाही. पट्टीचा आकडा आदर्श वजनाच्या जवळ जातो, त्यामुळे गुबगुबीत मुलाला ॲड्रिनॅलिनसाठी (हृदय थांबल्यावर द्यायचं औषध) तो वाढवायची घाई नको. कृश मुलाच्या बाबतीत मात्र आकडा कमी करावा लागतो, आणि तो निर्णय कोण घेणार हे आधीच ठरवावं. शाळकरी मुलांसाठी शिंप्याची साधी टेपही ठेवा: दंडाच्या मध्याचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्यातून दहा वजा, उरलेल्याची तिप्पट. घेर १७ आला तर २१ किलो.

आता वजनाप्रमाणे औषधाची मात्रा सांगणारा तक्ता. त्यात मिलिग्रॅमच्या शेजारी मिलिलिटर छापलेले हवेत, कारण सिरिंजमध्ये मिलिलिटरच ओढले जातात. हृदय थांबलेल्या मुलाला ॲड्रिनॅलिन किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे एकास दहा हजार द्रावणाचे ०.१ मिलिलिटर, दहा किलोला १ मिलिलिटर. ॲम्प्यूल एकास हजारची असेल तर ती दहापट तीव्र, आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. तक्त्याशेजारी सौम्य करायची रीत लिहा आणि दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचून पडताळायला लावा. हृदयाला द्यायचा विजेचा शॉक किलोमागे २ जूलपासून सुरू करायचा की ४, यावर मार्गदर्शक सूचनांमध्ये एकमत नाही. तुमच्या कक्षाचा आकडा तिथे स्पष्ट असू द्या.

फळ्यावर वजन मोठ्या अक्षरांत, पुढे 'किलो' आणि कंसात ते कसं मिळालं: आईने सांगितलं, पट्टी की सूत्र. काटा पौंड दाखवत असेल तर ती सेटिंग आजच बंद करा, नाहीतर औषध दुपटीहून जास्त जाईल. मूल स्थिर झालं की खरं वजन करायचं, फळ्यावरचा अंदाज खोडायचा आणि चालू असलेल्या इन्फ्युजनचा (शिरेतून सतत जाणाऱ्या औषधाचा) वेग नव्या आकड्याने पुन्हा मोजायचा.