नर्मदा परिक्रमेसाठी स्वस्त सामान पुरते का?

पायी नर्मदा परिक्रमेचा संकल्प झाला की घरात पहिली चर्चा सामानाची होते. कोणी परदेशी बनावटीचे महागडे बूट सुचवतो, तर कोणी सांगतो की मैया सगळे पाहते, झोळी आणि काठी घेऊन निघावे. दोन्ही सल्ले प्रेमाने दिलेले असतात. परंतु मध्यम उत्पन्नाच्या, पहिल्यांदाच इतके लांब चालणाऱ्या माणसाला त्यांतून निर्णय घेता येत नाही. माझे मत असे आहे की स्वस्त सामानावर ही परिक्रमा नीट पूर्ण होते. मात्र पायात जे घालायचे त्यात काटकसर करू नये, आणि कोणतीही वस्तू घेताना ती वाटेतल्या एखाद्या लहान गावात दुरुस्त करून मिळेल का, हे किमतीच्या आधी पाहावे.

प्रथम अंतराचा अंदाज घेऊ. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर आहे. दोन्ही तट चालायचे म्हणजे किमान २,६०० किलोमीटर झाले. बरगी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांच्या फुगवट्यामुळे जुनी वाट अनेक ठिकाणी पाण्याखाली गेली असून परिक्रमावासीयांना लांबचा वळसा घालावा लागतो, त्यामुळे प्रत्यक्ष चाल याहून बरीच अधिक भरते. एका पावलात सत्तर सेंटिमीटर अंतर कापले जाते असे धरले, तर नुसत्या २,६०० किलोमीटरांसाठीच सुमारे ३७ लाख पावले टाकावी लागतात. पाठीवरचे प्रत्येक अनावश्यक अर्धा किलो वजन तितक्या वेळा उचलले जाते. म्हणून सामान स्वस्त की महाग हे ठरवण्यापूर्वी ते किती घ्यायचे हे ठरवावे. अन्न आणि पाणी वगळून सहा किलो, फार तर सात किलो, ही मर्यादा मी स्वतःसाठी पाळतो. ही मर्यादा पाळली की स्वस्त सामानातील बरेच दोष आपोआप निरुपद्रवी होतात, कारण स्वस्त सॅकची शिवण पंधरा किलोंना उसवते, सहा किलोंना सहसा उसवत नाही.

आता पायांकडे वळतो, आणि येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण परिक्रमा अर्धवट सोडून परतलेल्या ज्या लोकांशी माझे बोलणे झाले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी कारण सांगितले ते पायांचेच.

परिक्रमेचा मोठा भाग डांबरी रस्त्याने आणि शेतांच्या बांधांनी जातो. शूलपाणीच्या झाडीतला डोंगराळ भाग त्या मानाने थोडा आहे. घोट्याच्या वर येणारे, कडक तळाचे जड ट्रेकिंग बूट डांबरावर पायाला त्रास देतात आणि उन्हात पाय आत शिजल्यासारखे होतात. त्यांच्याऐवजी पळण्यासाठी बनवलेले, पुढून रुंद, जाळीदार कापडाचे आणि खाली खऱ्या रबराचा तळ असलेले मध्यम किमतीचे बूट अधिक उपयोगी पडतात. पाणी आत न येऊ देणाऱ्या पडद्याचे बूट महाग असतात आणि या वाटेवर त्यांची गरज नाही: पायी परिक्रमा चातुर्मासात थांबलेली असते, आणि ओढ्यात पाय बुडालाच तर जाळीचा बूट दुपारपर्यंत वाळतो, पडद्याचा बूट मात्र दुसऱ्या दिवशीही ओलाच राहतो.

दुकानात तपासायच्या गोष्टी साध्या आहेत. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभराने पाय थोडा सुजलेला असतो. चालण्याचे जाड मोजे घालून पाहावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली पाहिजे. बूट दोन्ही हातांनी वाकवावा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकला पाहिजे. तळपायाच्या मध्यावर मोडत असेल तर तो घेऊ नये. तळावर नख दाबून पाहावे: गुळगुळीत, चकचकीत प्लास्टिकसारखा तळ ओल्या घाटाच्या पायऱ्यांवर घसरतो, आणि स्नानासाठी रोज घाटावर उतरणाऱ्या माणसाला हा धोका परवडणारा नाही. स्वस्त बुटांत कारखाना पहिली बचत आतल्या गादीत करतो, म्हणून ती पातळ गादी काढून चांगली गादी वेगळी विकत घेऊन घालावी. त्यानंतर आपल्या गावातल्या मोच्याकडे जाऊन नव्या बुटाचा तळ चहूबाजूंनी दोऱ्याने शिवून घ्यावा. स्वस्त बुटाचा तळ केवळ चिकटवलेला असतो आणि तापलेल्या डांबरावर तो चिकटवा सैल होतो. थोड्या पैशांची ही शिवण बुटाचे आयुष्य पुष्कळ वाढवते. वाटेत तळ सुटलाच तर झटकन चिकटणारा घरगुती डिंक वापरू नये. तो कडक होतो आणि बूट वाकताच तडकतो.

जुने बूट घालून निघण्याचा मोहही टाळावा. हरिश्चंद्रगडावरून उतरताना माझ्या बुटाचा तळ अचानक भुगा होऊन निखळला होता. ते बूट चांगल्या किमतीचे होते, पण चार वर्षे माळ्यावर पडून होते. तळाच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असेल तर हवेतल्या ओलाव्याने त्याचे हळूहळू विघटन होते, बूट वापरला नाही तरीही. सुतळीने तळ बांधून खाली उतरताना जे शिकलो ते आजही उपयोगी पडते: निघण्यापूर्वी किमान शंभर किलोमीटर ज्या बुटांनी चाललो, तेच बूट न्यायचे.

कोणताही बूट, महाग असला तरी, संपूर्ण परिक्रमा पुरेल अशी अपेक्षा ठेवू नये. पळण्याच्या बुटातील मऊ थर साधारण सात-आठशे किलोमीटरांत दबून निर्जीव होतो. वरून बूट धडका दिसतो, पण गुडघे दुखू लागतात. म्हणजे तीन ते चार जोड लागणारच. एका अतिमहाग जोडाच्या किमतीत मध्यम किमतीचे तीन जोड येत असतील, तर लांब चालीसाठी तीन जोड हाच शहाणा व्यवहार आहे. वाटेत बूट बदलण्याची ठिकाणे आधीच ठरवावीत. भरूच, जबलपूर आणि नर्मदापुरम या मोठ्या गावांत चांगली दुकाने आहेत. मात्र ज्यांचे पाय नेहमीपेक्षा मोठे किंवा फार रुंद आहेत, त्यांनी पुढचा जोड घरी तयार ठेवून कुरिअरने मागवण्याची व्यवस्था करावी.

मोज्यांच्या बाबतीत मी स्वस्ताची शिफारस करणार नाही. फोड येण्यासाठी घर्षण, उष्णता आणि ओलावा या तीन गोष्टी लागतात, आणि सुती मोजा घाम धरून ठेवून तिन्ही पुरवतो. लोकरमिश्रित किंवा लवकर वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे तीन जोड घ्यावेत. रोज दुपारच्या विसाव्याला बूट-मोजे काढून पाय वाळवावेत आणि मोजे बदलावेत. पायाला कुठेही चुरचुर जाणवली की फोड येण्याची वाट न पाहता तिथे कागदी चिकटपट्टी लावावी. जांघेत किंवा काखेत काचू लागल्यास खोबरेल तेल पुरते.

सॅकच्या बाबतीत चाळीस लिटर पुरेसे आहेत. याहून मोठी सॅक घेतली तर ती भरण्याची इच्छा होतेच. स्वस्त सॅकमध्ये पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे कंबरपट्टा. तो कमरेच्या हाडावर नीट बसून भार पेलू शकला पाहिजे. नुसती पातळ पट्टी असेल तर सगळे वजन खांद्यांवर येते. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून काहीच कळत नाही, म्हणून सहा-सात किलो सामान भरून वीस मिनिटे फिरून पाहावे. स्वस्त सॅक बहुधा एकाच मापात मिळतात. उंचीने कमी असलेल्यांना, विशेषतः अनेक स्त्रियांना, तिचा पट्टा कमरेखाली सरकतो, आणि अशा वेळी थोडे अधिक पैसे देऊन पाठीचे माप बदलता येणारी सॅक घेणेच योग्य. खांद्याचा पट्टा जिथे सॅकला जोडलेला असतो तिथली शिवण दुहेरी आणि दाट आहे का ते पाहावे. नसेल तर मोच्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने ती पक्की करून घ्यावी. चेन हा दुसरा कच्चा दुवा आहे, म्हणून जिचे तोंड दोरीने आवळून बंद होते अशी सॅक अधिक भरवशाची. आत सांगाडा नसलेली हलकी सॅक असेल तर फोमची मॅट घडी करून पाठीच्या बाजूला आत घालावी: पाठीला आधार मिळतो आणि मॅट बाहेर लटकत नाही.

सॅकवर घालायचे पावसाळी आवरण मी घेत नाही. खताच्या गोणीच्या आत असते तसली जाड प्लास्टिकची पिशवी सॅकमध्ये घालून तिच्यात सगळे सामान ठेवले की अवकाळी पाऊस असो, चिखल असो वा नर्मदेच्या मुखाजवळच्या कठपोरहून समुद्र ओलांडताना नावेत उडणारे पाणी असो, कपडे कोरडे राहतात. पावसासाठी अंगावर साधा पोंचो पुरतो. आषाढी वारीत आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर वारकरी साधा प्लास्टिकचा कागद डोक्यावरून घेऊन भर पावसात चालतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

थंडीचा विचार मात्र जपून करावा. कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वराहून निघून, नर्मदेला उजव्या हाताला ठेवत आधी समुद्राकडे आणि मग उत्तर तटाने वर चालत गेल्यास, मंडला आणि अमरकंटकचा टप्पा बहुधा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत येतो. अमरकंटक समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर उंचीवर आहे आणि तिथल्या रात्री कडक असतात. स्वस्त स्लीपिंग बॅगवर पुष्कळदा एकच मोठा आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ शून्य अंश. तो आकडा सुखाने झोपण्याचा आहे की केवळ जीव वाचवण्याचा, हे त्यावरून कळत नाही. आयएसओ २३५३७ या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर सुखद तापमान आणि टोकाचे तापमान वेगवेगळे दिलेले असते. तसे नसेल तर छापील आकड्यात आठ-दहा अंश मिळवूनच अपेक्षा ठेवावी. आश्रमांत आणि धर्मशाळांत अनेकदा चादर-कांबळ मिळते, त्यामुळे दहा अंशांपर्यंत सुखद असलेली हलकी, स्वस्त बॅग, एक लोकरीची शाल, कानटोपी आणि कोरड्या मोज्यांचा राखीव जोड एवढ्यावर भागते. घोंगडी उबदार खरी, पण पाठीवर दोन किलो वाढवते. खाली अंथरायला फोमची साधी मॅटच घ्यावी. हवा भरायची महाग मॅट मऊ असते, परंतु बाभळीचा एक काटा तिला निकामी करतो.

उरलेल्या वस्तूंत पैसे वाचवायला हरकत नाही. चालण्याच्या दोन काठ्यांऐवजी एक बांबूची काठी पुरते. उतारावर गुडघ्यांचा भार ती कमी करते आणि कुत्र्यांना दूर ठेवते. पिरगाळून घट्ट करायच्या स्वस्त घडीच्या काठ्या नेमक्या उतारावर दबतात, त्या घेऊ नयेत. अंगात लवकर वाळणारे साधे टी-शर्ट आणि पायजमा, प्रत्येकी दोन. पाण्यासाठी एक-एक लिटरच्या दोन साध्या बाटल्या. हेडटॉर्च खेड्यातल्या दुकानात मिळणाऱ्या सेलवर चालणारा असावा. पॉवर बँक मात्र बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा क्रमांक पाहूनच घ्यावी, कारण ती रात्री उशाशी असते. दाभण, मेणवलेला दोरा, एक जादा बक्कल आणि चार सेफ्टी पिना या पुडीला महाग सामानाइतकेच महत्त्व द्यावे.

एकूण दहा हजार रुपये हाताशी असतील, तर त्यांतले निम्मे बूट, गादी आणि मोज्यांसाठी बाजूला काढावेत, मग सॅक घ्यावी, आणि बाकीचे शक्यतो घरातून किंवा ओळखीच्यांकडून मागून जमवावे.

सर्व सामानाची परीक्षा घेण्यासाठी चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा फार सोयीची आहे. गुजरातमध्ये रामपुरा-तिलकवाडा परिसरात होणारी ही परिक्रमा साधारण वीस किलोमीटरांची असून एका दिवसात पूर्ण होते. तिथे हातात फक्त पाण्याची बाटली घेऊन न जाता कार्तिकात जी सॅक न्यायची तीच, तेवढ्याच वजनाने भरून न्यावी आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच चालावे. कुठे काचले, कोणते बोट दुखले, कोणती वस्तू बाहेर काढलीच नाही, हे त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवावे. चैत्र ते कार्तिक हा सहा-सात महिन्यांचा काळ पट्टा बदलून घ्यायला, बूट शिवून घ्यायला आणि न लागलेल्या वस्तू घरी काढून ठेवायला पुरेसा असतो.